ठाणेदाराची आठ नखं

बाई, ठाणेदाराची नखं पुन्हा वाढली आहेत.

तुझी तेरवी होऊन आज चौथा दिवस. पाहुणे आपापल्या गावी गेले, मांडव निघाला, आणि अंगणात एकदम इतकी जागा झाली की कुठे उभं राहावं ते कळत नाही. दुपारी मी पडवीत शिलाई मशीनवर बसले होते. ठाणेदार फांदीवरून उतरला, मशीनच्या फळीवरून चालत चालत माझ्या हातावर चढला आणि मनगटावर तीन बारीक लाल रेघा ओढून गेला. मग मी सवयीनं सगळं काढलं. नेलकटर, छोटी कानस, तुझा जुना मऊ दुपट्टा, वाटीत कॉर्नफ्लोअर. उजेडाकडे तोंड करून चटई टाकली. आणि "बाई, धर ना वं" म्हणायला तोंड उघडलं.

पोपटाची नखं एकट्या माणसाला कापता येत नाहीत. एकानं धरायचं, एकानं कापायचं. सहा वर्षं तू धरलंस आणि मी कापली. वाटीतलं पीठ तसंच ठेवून मी बराच वेळ बसून राहिले. ऊन चटईवरून सरकत भिंतीवर गेलं.

तू त्याला आणलंस ते इटियाडोहच्या कालव्याकाठच्या तुझ्या माहेराहून. धानाची कापणी चालू होती. बांधीच्या पाळीवर, त्या मातीच्या बांधावर, चार कावळे मिळून काहीतरी हिरवं टोचत होते, तू पायातली चप्पल फेकून त्यांना उडवलंस आणि ते हिरवं पदरात घेतलंस. तुझा भाऊ म्हणाला होता, "फेक त्याले. आमचा धान खाते हा." तू त्याला थैलीत घालून दोन एसट्या बदलून आपल्या गोंदियाच्या गोरेगावला आलीस. बसमधून उतरलीस तेव्हा बोटाला चिंधी गुंडाळलेली होती आणि तू हसत होतीस. "ठाणेदार आहे हा," म्हणालीस. "हात लावला का पहिले मारते, मंग विचारते."

त्याचा उजवा पंख मोडलेला होता. तो जुळला, पण वाकडा जुळला. जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंनी सांगितलं की हा आता उडणार नाही, आणि असा पक्षी घरी ठेवायचा नसतो, जंगलखात्याला कळवा. तू दुसऱ्याच दिवशी त्याला घेऊन ऑफिसात गेलीस. त्यांनी पंख पाहिला, नाव लिहून घेतलं, आम्ही सांगतो तोवर तुमच्याकडेच राहू द्या म्हणाले. तू त्याला पिंजरा कधी आणला नाहीस. पडवीच्या दोन खांबांमध्ये एक पाइप बांधला, त्यावर तो बसायचा.

आपण तेव्हा फारशा बोलत नव्हतो, बाई. तू थोरली जाऊ, मी धाकटी, एक अंगण, एक पडवी, मध्ये कमरेएवढी भिंत. भांडण म्हणावं असं काही नव्हतं. चुली वेगळ्या झाल्या तेव्हा कोण काय बोललं ते दोघींनी लक्षात ठेवलं, एवढंच. तू बाजाराच्या दिवशी बांगड्यांची पेटी घेऊन जायचीस, मी घरी ब्लाउज शिवायची. नळाला पाणी आलं की "आलं" म्हणायचं, संपलं की "गेलं" म्हणायचं. असे महिने गेले.

मग एका सकाळी तू अशी ओरडलीस की मी मशीनवरून तशीच पळाले. तुझी नवी जांभळी साडी दोरीवर वाळत होती आणि ठाणेदार तिच्यावर उलटा लटकत होता. नख वाढून आकड्यासारखं वळलेलं, ते जरीत अडकलेलं. तो धडपडत होता, चांगला पंख साडीवर आपटत होता, पाय मुळापासून पिळला जात होता. तू त्याला वर उचलून धरलंस. माझ्या हातात कात्री होती. मी तुझ्याकडे पाहिलं नाही, विचारलं नाही. नखाभोवतीची जर कापली, मग काठ कापला, मग पदराचा वीतभर तुकडा. तो तुझ्या हातात मोकळा झाला.

साडीला खिडकीएवढं भोक पडलं होतं. मी म्हटलं, "बाई, तुमची साडी."

"लुगडं गेलं तं गेलं," तू म्हणालीस. "अन् मले तुमची-आमची कायले करतेस? अहो-जाहो मालकाले कर. मले तू म्हण."

त्या दिवसापासून तू.

डॉक्टरबाईंनी पाइप पाहिला आणि कपाळाला हात लावला. इतक्या गुळगुळीत गोष्टीवर नखं झिजतील कशी? खरबरीत फांदी बांधा, कुठे जाड कुठे बारीक अशी. तू परसातल्या पेरूची फांदी तोडून आणलीस. तेवढ्यानंही पुरत नाही, तो उडत नाही, झाडावर चढत नाही. म्हणून दर दोन महिन्यांनी टोकं काढावी लागतील. डॉक्टरबाईंनी आपल्याला शिकवलं. नखात आत रक्ताची शीर असते. माणसाच्या नखासारखं नाही ते, जिवंत असतं अर्ध्यापर्यंत. पोपटाचं नख काळं, शीर दिसत नाही. म्हणून मागून मोबाइलचा टॉर्च धरायचा, गुलाबी सावली कुठे संपते ते पाहायचं, आणि तिच्यापासून दूर, फक्त टोक. एकदम नाही, तिळातिळानं. वाटीत कॉर्नफ्लोअर आधी काढून ठेवायचं, रक्त आल्यावर शोधायला पळायचं नाही. आलंच तर पीठ लावून बोटानं दाबून धरायचं. आणि तो चोच उघडून धापा टाकायला लागला तर तिथेच थांबायचं, उरलेली उद्या.

पण धरायचं कसं हे त्यांनी सांगितलं तेव्हा तू मध्येच म्हणालीस, "मले येते." त्या म्हणाल्या, "याआधी धरलाय का कधी?" तू म्हणालीस, "पाखरू नाही धरलं. हात धरले."

ते खरं होतं. आयुष्यभर तू बायकांचे हात धरलेस. बांगडी भरताना मनगट दाबायचं नसतं, बोटांची मुळं जवळ आणायची, अंगठा आत घ्यायचा, आणि बाईला बोलण्यात गुंतवून हात मऊ होऊ द्यायचा. मऊ झाला की काच आपोआप चढते. तसंच धरलंस तू त्याला. दुपट्टा पंखांवरून सैल, अंगठा आणि बोट जबड्याच्या दोन बाजूंना, पाठ तळहातात. छातीवर काही नाही. "पाखराची छाती हलली तरच त्याला श्वास मिळतो," डॉक्टरबाई म्हणाल्या होत्या, आणि तुझ्या हातात ती छाती मोकळी हलायची, हिरवी, भराभर, मग हळू, मग आणखी हळू.

ती दुपार मला स्वप्नासारखी आठवते. एक दुपार नाही, सगळ्या मिळून एकच. तू बाजारातून आणलेल्या बांगड्या धुवून पडवीच्या वेळूवर वाळत घालायचीस, आणि त्यांच्यातून ऊन आत यायचं ते लाल, हिरवं, मोरपंखी होऊन. जमिनीवर रंगांची वर्तुळं. वारा आला की ती हलायची आणि काचा किणकिणायच्या. तू भिंतीला टेकून पाय पसरून बसायचीस, ठाणेदार तुझ्या मांडीवर, त्याच्या पोटावर एक लाल वर्तुळ. मी पुढ्यात. एक पाय माझ्या बोटांत. दोन बोटं पुढे, दोन मागे. कट. तू काहीतरी बोलत असायचीस, त्याच्याशी की माझ्याशी ते कळायचं नाही. कट. भातगिरणीचा आवाज कुठेतरी लांब. कट. आठ नखं व्हायला अर्धा तास लागायचा आणि त्या अर्ध्या तासात जगात दुसरं काहीच नसायचं.

आपलं भांडण एकच, आणि ते तसंच राहिलं. किती कापायचं.

"बस कर, किती कापतेस!"

"अजून आहे बाई. पुन्हा अडकन कुठे."

"त्याले उडता येत नाही निमा. बिलाई आली तं काय करन तो? पंख गेले, आता नखंही घेतेस का त्याचे?"

"बिलाई आली तर आपण आहो ना."

"आपण काय जन्माच्या आहो?"

या वाक्यावर मी दरवेळी चिडायची. आता चिडता येत नाही. खरं सांगू, मला अजूनही वाटतं माझंच बरोबर होतं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "हाव, तुयंच बरोबर," आणि पुढच्या वेळी पुन्हा "बस कर" म्हणाली असतीस.

सगळे विचारतात, पोपट तिच्या आवाजात बोलतो का? नाही बोलत. तो कधीच काही बोलला नाही. मोठा होऊन आलेला होता तो, रानात शिकायचं ते शिकून आलेला. फाटकाची कडी वाजली की कर्कश ओरडायचा, तेवढंच त्याचं ठाणेदारपण. तू गेल्यावर तो ओरडला नाही, जेवणही सोडलं नाही. मिरची खाल्ली, पेरू खाल्ला. मला त्याचा राग आला होता. मग तिसऱ्या दिवशी पाहिलं, तू बसायचीस त्या भिंतीशी जाऊन तो जमिनीवर नुसता उभा होता. जमिनीवर तो कधी थांबत नाही.

चार दिवसांचा ताप. गोंदियाला नेलं तेव्हा तू स्वतःच्या पायांनी गाडीत बसलीस आणि मला म्हणालीस, "बांगड्या वेळूवर आहेत, काढून घेजो." मी काढल्या. त्या पेटीत आहेत, कागद घालून.

आज मी अशी चटईवर बसलेली असताना भासऱ्यांच्या चपला वाजल्या.

तुझे मालक, माझे भासरे. बावीस वर्षांत मी त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कधी उतरू दिला नाही आणि ते माझ्याशी थेट एक शब्द बोलले नाहीत. जे काय ते तुझ्यातून. मी इथे, ते तिथे, आणि त्यांचा आवाज, "तिले सांग, गॅसवाला आला." मी पाच हातांवर उभी असायची. तू म्हणायचीस, "ऐकलं तिनं, बहिरी नाही ते." आणि तरी ते पुढच्या वेळी तुलाच सांगायचे. गावाची रीत ती, आम्ही दोघंही तिच्यात मुरलेले.

मी पदर ओढला आणि उठायला लागले. ते भिंतीच्या पलीकडेच थांबले. चटईकडे पाहिलं, वाटीकडे पाहिलं. गिरणीत पोती उचलून उचलून वाकलेले खांदे आणखी वाकलेले दिसले. मग ते भिंतीच्या टोकाला वळसा घालून आले, चटईच्या दुसऱ्या बाजूला बसले आणि जमिनीकडे पाहत म्हणाले,

"आणा त्याले. मी धरतो."

मला वाटलं, बाई, आता हे त्याला पोत्यासारखं धरतील. तरी मी ठाणेदाराला आणून चटईवर ठेवलं. त्यांनी दुपट्टा उचलला, दोनदा झटकला, ठाणेदारावर अलगद टाकला. अंगठा एका बाजूला, बोट दुसऱ्या बाजूला. पाठ तळहातात. छाती मोकळी.

हुबेहूब.

मी त्यांच्या हातांकडे पाहतच राहिले. ते तसेच खाली पाहत म्हणाले, "दवाखान्यात शिकवलं तिनं मले. दुसऱ्या दिवशी. सलाइन लागून राह्यली होती, तरी उठून बसली. टॉवेलाची गुंडाळी केली, म्हणे हा पोपट, धर. मी धरला. म्हणे, असा नाही, मरन तो. पुन्हा धर. धा वेळा करायले लावलं. बाजूच्या पलंगावरची बाई हासून राह्यली होती." त्यांनी दुपट्ट्याचा काठ सारखा केला. "मी म्हटलं, तू घरी चालली ना दोन दिवसांत, मले कायले शिकवतेस? तं म्हणे, निमाचा हात चांगला आहे, फक्त धरणारा पायजे."

ठाणेदाराचा पाय माझ्या बोटांत होता. मी पहिलं नख कापलं. मग दुसरं. मोबाइलचा टॉर्च मी वाटीला टेकवून ठेवला होता. तिसरं, चौथं. ते श्वाससुद्धा जपून घेत होते. पाचवं.

मग म्हणाले, "आणखी एक सांगितलं. त्याचा मतलब मले समजला नाही. म्हणे, कधी रक्त निघालं, अन् निमा म्हणाली का तो हलला, तं तू हो म्हणजो."

नेलकटर माझ्या हातातून चटईवर पडलं.

बाई, मी हे तुला कधी सांगितलं नाही. तुला सांगायची गरज नव्हती हे मला आज कळलं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्या रोशनीला नागपूरला नर्सिंगला पाठवायचं ठरलं होतं. तू त्याला धरून बसली होतीस, मी कापत होते आणि तू म्हणालीस, "एकुलती पोरगी एवढ्या दूर कायले धाडतेस वं? इथं काय कमी आहे?" तू सहज म्हणालीस. पण तेच वाक्य मला माझ्या माहेरचे, सासरचे, शेजारचे, सगळे महिनाभर ऐकवत होते, आणि मला वाटलं होतं तू तरी म्हणणार नाहीस. उत्तर माझ्या बोटांनी दिलं. टॉर्च न लावता, न पाहता, मी दाबलं. नख निम्म्यावरून तुटलं. ठाणेदार किंचाळला, तसा तो कावळ्यांच्या तावडीतही किंचाळला नसेल, आणि तुझ्या हिरव्या पदरावर रक्ताचे टपोरे थेंब पडायला लागले.

मी म्हटलं, "तो हलला."

तू पाहिलंस माझ्याकडे. एकच क्षण. तो तुझ्या हातात होता, बाई. जगातल्या एकाच माणसाला पक्कं माहीत होतं की तो तिळभरही हलला नाही, आणि ते माणूस म्हणजे तू.

"हाव," तू म्हणालीस. "हललाच तो. माझाच हात सुटला. पीठ दे लवकर."

आपण पीठ दाबून धरलं. मी मनात शंभरपर्यंत मोजलं, पुन्हा एकपासून सुरू केलं. रक्त थांबलं. तू त्याला टोपलीत ठेवलंस, वरून पातळ कापड घातलंस आणि संध्याकाळपर्यंत टोपलीशी बसून राहिलीस. मी आत जाऊन मशीन चालवत राहिले, एकाच शिलाईवरून दोनदा.

भासऱ्यांना तू सांगितलंस की तुझा हात सुटला. ते तुझ्यावर ओरडले, मी भिंतीआडून ऐकलं. मी बाहेर आले नाही.

रोशनी निघाली त्या सकाळी धुकं होतं, स्टँडवर बस नुसत्या दोन पिवळ्या दिव्यांसारखी आली. तू धावत आलीस, पेटी काखेत. मला वाटलं बांगड्या भरणार. तू तिच्या हातात एक बारीक स्टीलचं कडं घातलंस. "दवाखान्यात काचेच्या चालत नाही म्हणते," तू म्हणालीस, "हे काढून सहज खिशात ठेवता येते." कुणाला विचारून आली होतीस ते मला आजवर कळलेलं नाही. बस गेल्यावर आपण दोघी धुक्यात उभ्या होतो. तेव्हा मी बोलायला हवं होतं. शब्द जिभेवर आले होते. तू म्हणालीस, "चाल, थंडी आहे," आणि आपण घरी आलो.

माफी मागायची एक वेळ असते, ती गेली की माणूस रोज उद्यावर ढकलतो. मी दोन वर्षं ढकललं. तू मात्र तापातसुद्धा माझ्या खोटेपणाला राहायला जागा करून गेलीस. तू नसताना मला कुणी उघडं पाडू नये म्हणून.

आज पडवीत ऊन कमी होत आलं होतं. वेळू रिकामा होता म्हणून ते नुसतंच पांढरं पडलं होतं भिंतीवर. भासरे अजून तसेच बसलेले, ठाणेदार त्यांच्या तळहातात, छाती हळू हलत असलेली. मला वाटतं ते काही विचारणारही नव्हते.

मी नेलकटर उचललं. पदर डोक्यावरून सरकला होता, तो मी वर घेतला नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहून बोलले.

"भाऊजी, त्या दिवशी तो हलला नव्हता. बाईचा हात सुटला नव्हता. मी रागात कापलं."

त्यांनी मान वर केली. तुझ्या माणसाचे डोळे घारे आहेत, हे मला माहीतच नव्हतं, बाई. ते भरून आले होते, कधीपासून कोण जाणे. ते माझ्याकडे पाहत होते आणि मी खाली पाहिलं नाही. मग त्यांनी अंगठा किंचित सैल केला, पुन्हा नीट बसवला, आणि ठाणेदाराचा दुसरा पाय दुपट्ट्यातून पुन्हा बाहेर काढून माझ्यापुढे धरला.

"तीन राह्यले," ते म्हणाले. "कापा."